आशाताईच्या डायरीत उतरेल असा प्रबंध

कोल्हारात कुणाच्या घरी बाळ आलं की तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावची ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती, दारात हजर होते. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात : 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. ती हात धुते, बाळाला झोळीच्या काट्यात तोलते, काखेत थर्मामीटर धरते. मग बाळाचं अंगडं वर करून, घड्याळाकडे एक डोळा ठेवून, मिनिटभर गप्प बसते. घरातल्या आजीला वाटतं, ही नुसतीच बघत बसलीय. ती श्वास मोजत असते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर पुढ्यात आलेला चहा तसाच ठेवून ती उठते आणि गाडीची सोय बघते.

हा शिरस्ता दिल्लीच्या कुठल्या कचेरीत बसून सुचलेला नाही. त्याचं मूळ गडचिरोलीच्या खेड्यांत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या, घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या 47 गावांशी आकडे ताडून पाहिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली तो अभ्यास आला. दर हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, ती संख्या तीन वर्षांत 25 च्या आसपास आली. बारा वर्षांनी, 2011 मध्ये, केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. गडचिरोलीतलं ते काम आज कोल्हारच्या आशाताईच्या पिशवीत आहे. त्या पिशवीत ‘लॅन्सेट’चा अंक नाही आणि त्यावाचून तिचं काही अडतही नाही.

सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट करू पाहणाऱ्यांना मला पहिली गोष्ट सांगायची ती हीच. तुमच्या प्रबंधामुळे तुमच्याखेरीज आणखी कुणाच्या तरी रोजच्या कामात फरक पडला, तर ते या विषयातलं यश. बाकी सुवर्णपदक, शाल-श्रीफळ, चौकातला फ्लेक्स हे सगळं छान आहे. फ्लेक्स आठवड्याने उतरतो.

आपल्या प्रवरा पट्ट्यात शिकणारी मुलं-मुली आता भरपूर आहेत. कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस, बीडीएस, कुणी नर्सिंगमध्ये एमएस्सी, कुणी एमएसडब्ल्यू करून एखाद्या प्रकल्पावर नोकरीला. लोणी तर कोल्हारपासून घोटी रस्त्याने हाकेच्या अंतरावर. ज्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास गाळपाला लागला, तिथेच आज प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. म्हणजे पीएच.डी. करायला दारं कमी नाहीत. अडचण वेगळीच असते. मुलं येतात आणि म्हणतात, “सर, विषय सुचवा ना एखादा.”

विषय सुचवता येतो. प्रश्न मात्र उसना घेता येत नाही, आणि पाच वर्षं ज्याच्या मागे धावायचं तो उसना असेल तर तिसऱ्या वर्षी पाय ओढायला लागतात.

आधी पदवीचं नीट समजून घ्या. परदेशात सार्वजनिक आरोग्यात दोन तऱ्हेच्या डॉक्टरेट आहेत. एक आपल्या ओळखीची पीएच.डी. दुसरी डीआरपीएच, म्हणजे काम करणाऱ्यांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. पहिलीत विचारतात, तुम्ही नवं ज्ञान काय आणलंत? दुसरीत विचारतात, तुम्ही ज्या यंत्रणेत काम करता ती तुमच्या अभ्यासाने कशी सुधारेल? जॉन्स हॉपकिन्स, हार्वर्ड, लंडनची हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची शाळा इथे डीआरपीएच होते. तिकडचा विद्यार्थी बहुधा आधीच कुठल्या तरी आरोग्य खात्यात वा संस्थेत काम करत असतो आणि त्याचा प्रबंध त्याच्याच टेबलावरच्या एखाद्या अडलेल्या फायलीतून निघतो. आपल्याकडे रुळलेली वाट पीएच.डी.चीच. माझा सल्ला असा : पदवी पीएच.डी.ची घ्या, पण प्रश्न डीआरपीएचचा विचारा. आणि कुणी ‘घरबसल्या, ऑनलाइन, दीड वर्षात डॉक्टरेट’ म्हणून फोन केला तर तो तिथेच ठेवून द्या. दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2022 चा नियम स्पष्ट सांगतो.

आता उदाहरणं बघायची तर लांब कशाला जा. आपलाच जिल्हा घ्या. आता नाव अहिल्यानगर झालं, तरी उत्तर-दक्षिण हे भांडण जुनंच आहे. उत्तरेला भंडारदऱ्याचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. दक्षिणेला कुसळं आणि टँकर. त्या दक्षिणेच्या टोकाला जामखेडमध्ये 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. वेल्लोरला वैद्यकीचं आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण झालेलं. त्यांना कुठेही मोठं इस्पितळ काढता आलं असतं. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, काही टाकलेल्या. त्यांना आठवड्याला बोलावून शिकवलं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. प्रकल्पाच्या नोंदींत 1971 मध्ये दर हजारी 176 असलेला अर्भकमृत्यूदर 1976 पर्यंत 52 वर आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करायला जगभरातून माणसं जामखेडला येतात. कोल्हारची किती जातात, हे विचारायचं धाडस मी करत नाही.

बंग दांपत्यही हॉपकिन्सचंच, 1984 चं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 मध्ये उभी करणाऱ्या डॉ. सुशीला नायर, त्याही सार्वजनिक आरोग्य शिकायला हॉपकिन्सलाच गेल्या होत्या. आरोळे आणि बंग परतले ते शहरात थांबले नाहीत. आणखी एक गंमत ध्यानात घ्या. ही दोन्ही जोडपी तिथून जी पदवी घेऊन आली ती सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने मरणारी पोरं बघून डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहीत राहिले, प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून दाखवलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणलं. तेव्हा ते कुणाच्या हाताखाली प्रबंध करत नव्हते. डॉक्टरेट ही शिस्त शिकण्याची जागा आहे. कुतूहल तिथे शिकवत नाहीत, ते घरून न्यावं लागतं.

प्रश्न कुठे सापडतो?

कोल्हारात उभं राहून नुसतं आजूबाजूला पाहा. नगर-मनमाड रस्ता गावातून जातो, शिर्डीची रहदारी रात्रंदिवस चालू. अपघातानंतरच्या पहिल्या तासात जखमी कुठे जातो, कोण नेतो, कुठे वेळ मोडतो? भगवती देवीची यात्रा भरते तेव्हा पिण्याच्या पाण्याची तपासणी कोण करतं आणि निकाल यात्रा संपायच्या आत येतो का? फवारणी करून आलेला गडी मळमळतंय म्हणून कुठल्या दवाखान्यात जातो आणि तिथे त्याची नोंद काय म्हणून होते? यातला एकेक प्रश्न एकेका प्रबंधाचा ऐवज आहे.

पण मी एकच घेऊन पुढे जातो, म्हणजे हाताला काही लागेल. ऊसतोडीचा.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत अड्ड्यावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहायचं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहांतली एक. आकडा भयंकर आहे, पण तो फक्त ‘किती’ सांगतो. का काढली, कुणी सुचवली, आधी साधे उपचार झाले होते का, खाडा पडला की दंड लागतो याचा त्या निर्णयात किती वाटा, हे आकड्यात नसतं. डॉक्टरेटचं काम तिथून सुरू होतं.

विद्यार्थी सिनॉप्सिसवर लिहून आणतात : ‘ऊसतोड महिलांचे आरोग्य : एक अभ्यास.’ हा प्रश्न झाला नाही, ही पाटी झाली. त्याचा प्रश्न कसा करायचा ते बघा. समजा, एक गरोदर बाई हंगामाला आली. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावी पेटीत राहिलं. इथल्या उपकेंद्राच्या रजिस्टरला ती नाही, कारण ती इथली नाही. तिकडच्या रजिस्टरला ती आहे, पण तिथे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून सिस्टर मोकळ्या. मग प्रश्न असा मांडा : हंगामाच्या चार-पाच महिन्यांत अशा बायकांच्या किती तपासण्या हुकतात? आणि हंगाम सुरू होतानाच मुकादमाकडून कोप्यांची यादी घेऊन ती आशाताईला दिली, तर हुकणाऱ्या तपासण्या किती कमी होतात? आता याला शेपूट आणि डोकं दोन्ही आहे. मोजता येतं, बदल करून बघता येतो. मुख्य म्हणजे उत्तर कुणाला हवंय ते माहीत आहे : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला.

त्या अधिकाऱ्याला सिनॉप्सिस लिहायच्या आधी भेटा. नंतर नाही. “मॅडम, याचं उत्तर मिळालं तर तुम्ही काय वेगळं कराल?” एवढंच विचारा. त्या म्हणाल्या, “काही नाही, वरून आदेश आल्याशिवाय कसं करणार?” तर प्रश्न बदला, किंवा वर जा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. त्या म्हणाल्या, “यादी मिळाली तर मी दर मंगळवारी सिस्टरला अड्ड्यावर पाठवेन,” तर तुमच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं. आणि त्याच आठवड्यात ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर बसून आधी कुणी काय काय केलंय ते वाचा. आपल्याला सुचलेलं दहा जणांना आधीच सुचलेलं असतं. त्यात लाज नाही, त्यांच्या चुका फुकट मिळतात.

प्रश्नावली आपल्या बोलीत करा. हे मी तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा कुणी ऐकत नाही. इंग्रजी प्रश्नावली पुस्तकी मराठीत उतरवून कोपीत नेली आणि “आपल्यावर गर्भाशय-उच्छेदन शस्त्रक्रिया झाली आहे काय?” असं विचारलं, तर बाई “नाही” म्हणेल. “पिशवी काढलीय का?” विचारा, ती साल आणि दवाखाना दोन्ही सांगेल. ‘अंगावरून जातं’ या एका बोलण्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. कुठली ते खोदून विचारायला बाई लागते, पुरुष सर्वेक्षक नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायकांना तपासलं तेव्हा 92 टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. 1989 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर जगाला वाटत होतं, खेड्यातल्या बाईची आरोग्याची गरज म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बायकांनी सांगितलं, कारण विचारणारी त्यांच्यातली वाटली.

साधन जागेला शोभेल असं घ्या. याचं माझं आवडतं उदाहरण पुन्हा गडचिरोलीचंच. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजायचे, पण सुईणीला दहा-बारापलीकडे आकडे येईनात. मग त्यांनी लाकडी चौकटीत मणी ओवले आणि शेजारी मिनिटभराची वाळूची घडी बसवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला औषध. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला एक ओळ, मोठ्याला दुसरी. जिला साठ मोजता येत नव्हते तिने साठ मोजले. कुठलंही ॲप बनवायला निघण्याआधी हे मणी आठवा. कोपीत रेंज नसते, हा तर अगदी साधा मुद्दा झाला.

नमुना किती घ्यायचा हे गाईड सांगतील, पण तुम्हाला कळायला हवं. जिथे अंदाजच नाही तिथे प्रमाण 50 टक्के धरतात. पाच टक्के इकडेतिकडे चालेल आणि खात्री 95 टक्के हवी म्हटलं, तर आकडा 385 च्या घरात येतो. बहुतेक प्रबंधांत तो तसाच चिकटवलेला असतो. पण तुम्ही माणसं चिठ्ठ्या टाकून नाही, अड्ड्याअड्ड्याने घेणार. एका अड्ड्यावरची माणसं एका गावची, एका मुकादमाची, एकच पाणी पिणारी. दहा जणींना विचारलं तरी माहिती पाच जणींइतकीच मिळते. म्हणून आकडा दुप्पट करा : 770. त्यातल्या दहा टक्के भेटणार नाहीत, नको म्हणतील, उद्या दुसऱ्या फडावर गेलेल्या असतील. म्हणजे यादी करायची सुमारे 855 जणींची. आता कॅलेंडर काढा. टोळी पहाटे अंधारात फडात जाते, दिवेलागणीला परतते, मग चूल. तुम्हाला दिवसाकाठी तास-दीड तास मिळणार. एकटीने हे एका हंगामात होत नाही. दोन हंगाम धरा, किंवा प्रश्न लहान करा. लहान प्रश्नाचं पुरतं उत्तर केव्हाही चांगलं. आणि संध्याकाळी एकट्या जाऊ नका. उसात बिबट्या आहे, हे मी गमतीने सांगत नाही.

परवानग्या हा कंटाळवाणा भाग आहे असं समजतात. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंत एकही नाव लिहून घ्यायचं नाही, हा नियम पाळाच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा मुळातून वाचा. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर समोर लिहिता-वाचता येणारा, तुमच्याशी लागाबांधा नसलेला साक्षीदार हवा. मुकादम हा असा साक्षीदार नव्हे, आणि मुकादमाचा होकार म्हणजे बाईचा होकार नव्हे. ज्याने उचल दिलीय त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणायची हिंमत किती जणींत असेल? तो अड्ड्यावरून हटेपर्यंत गप्पा मारा, पोरांशी खेळा.

आणि हे आधी ठरवा : सापडलेल्या आजाराचं काय करणार? रक्त तपासलं आणि एका गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सहा निघालं. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तुमच्या तक्त्यात तो एक ठिपका आहे, तिच्यासाठी ती बाळंतपणात जीव जाण्याची गोष्ट आहे. कुठे पाठवायचं, गाडी कुणाची, सोबत कोण, बुडालेल्या रोजाचं काय, हे प्रस्तावातच लिहा. नुसतं मोजून यायचं असेल तर जाऊच नका. यादी देऊन बघण्यासारखा काही बदल तुम्ही करून पाहणार असाल, तर तो अभ्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पहिला माणूस घेण्याआधी नोंदवा. नोंदणी फुकट आहे. नंतर नोंदवला तर चांगली मासिकं दारात उभं करत नाहीत.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण ते छापील मिळतात. आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचं. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, पण मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र आधी घ्या, जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेव्हा गाईडचा विषय विचारण्याआधी त्यांची जन्मतारीख हळूच विचारा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा आहे. आठवा नंबर तुमचा असेल तर गाईड तुम्हाला किती वेळ देतील याचा अंदाज करा.

गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना चहाला बोलवा. प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत येतं, लाल शाईने येतं की ‘छान’ म्हणून येतं, हे दोनच प्रश्न पुरतात. ‘छान’ म्हणणाऱ्यापासून सांभाळा. शिवाय एक बिनपगारी गाईड गावात शोधा : एखादी अनुभवी सिस्टर, सगळ्या कोप्यांवर किराणा पोचवणारा दुकानदार, जुना मुकादम. तुमच्या आकड्यांत काही तरी खोटं आहे, हे सांख्यिकीवाल्याच्या आधी यांना कळतं.

माझं स्वतःचं सांगतो. मी विद्यार्थी असताना एका गावातल्या शौचालयांची पाहणी केली. आकडे झकास आले. तिथल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “बंद दारं मोजली का उघडी?” मी बंद दारं मोजली होती. आत सरपण होतं. ती पाहणी मी पुन्हा केली, सहा महिने गेले. म्हाताऱ्याचं नाव माझ्या ऋणनिर्देशात नाही, याची आजही चुटपुट लागते.

छपाईचा मोह सांभाळा. ‘तीन दिवसांत प्रसिद्धी, आंतरराष्ट्रीय मासिक, प्रमाणपत्रासह’ असे संदेश फोनवर येतच राहणार. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती 2022 च्या नियमांत आयोगाने ठेवलेली नाही, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम बघा आणि घाईने पैसे भरू नका. वाङ्मयचौर्याबाबतच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई होत नाही. म्हणून दहा टक्के उचलायची मुभा आहे असं काही जण समजतात, तशी ती नाही. प्रबंध लिहून देणारेही भेटतील. त्यांच्याकडे गेलात तर व्हायवात पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल, आणि नाही पडलात तर ते जास्त वाईट.

आता सगळ्यात जास्त वगळला जाणारा भाग. उत्तर परत नेऊन देणं. प्रबंध विद्यापीठात जमा झाला की विद्यार्थी पेढे वाटतो. ज्यांनी तासन् तास बसून माहिती दिली त्यांना काय निघालं ते कधीच कळत नाही. जमा करण्याच्या आधी तीन कागद तयार करा. एक, वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी दोन पानांचा : काय आढळलं, दर मंगळवारी काय करायचं, खर्च किती. दुसरा, ग्रामपंचायतीच्या आरोग्य, पोषण समितीसाठी एक पानाचा, मोठ्या अक्षरात, टक्केवारीऐवजी ‘दहांतल्या चार’ अशा भाषेत. तिसरा कागदच नव्हे. कोपीसमोर बसून दहा मिनिटं तोंडी सांगायचं आणि ‘आम्हाला असं दिसलं, तुम्हाला पटतंय का?’ असं विचारायचं. नाही पटलं तर ते प्रबंधात लिहायचं. परीक्षकाला ते आवडेल की नाही याची काळजी करू नका. चांगल्या परीक्षकाला आवडतं.

जामखेडच्या एक आरोग्य कार्यकर्त्या, मुक्ताबाई पोळ, 1988 मध्ये वॉशिंग्टनला जगभरच्या तज्ज्ञांपुढे बोलल्या होत्या. त्या सभेतल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या छोट्या दिव्याची बाजू मांडली : झुंबर महाग आणि एका जागी टांगलेलं, दिवा स्वस्त आणि दुसरा दिवा पेटवणारा. टाळ्या खूप पडल्या म्हणतात. मला त्यात टाळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं ते हे, की आरोळेंनी बोलायला त्यांना पुढे केलं. तुमच्या प्रबंधाची पहिली मांडणी तुमच्यासोबत फिरलेल्या आशाताईला करू द्या. ती कुठे अडखळते ते ऐका. तिथे तुमचंच लिहिणं कच्चं असतं.

पैशांची तयारी ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती वेळेवर येते असं नाही, आणि पेट्रोल रोज लागतं. लग्नाचा, बाळंतपणाचा, आईच्या गुडघ्यांचा काळही याच वर्षांत येतो. अर्धवेळ करणाऱ्यांनी आठवड्याचा एक दिवस ठरवून घ्यावा आणि त्या दिवशी कुणाच्या साखरपुड्याला जाऊ नये. हे आपल्या भागात सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे.

ज्यांना ऊसतोडीवरच करायचं आहे त्यांना एक तारखेची आठवण. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. एथिक्स कमिट्या महिन्या-दोन महिन्यांतून बसतात आणि पहिल्या फेरीत दुरुस्त्या सांगतातच. म्हणजे प्रस्ताव जुलैत गेला पाहिजे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना जूनमध्ये भेटा, पावसाळी साथींची गडबड वाढायच्या आत. त्यांच्याकडे जाताना उपकेंद्रावरून जा आणि आशाताईला तिची डायरी दाखवायला सांगा. त्यात कुठला रकाना कायम कोरा राहतो, ते तिला विचारा.